त्रिकोणावरची रेघ

नाल्यापाशी पोचेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी धड बोललो नव्हतो. जीपवाल्याने फाट्यावरच उतरवून दिलं होतं. “पूल खचला मावशी, गाडी पुढं नाई जात,” म्हणाला आणि वळवलीसुद्धा. फाट्यापासून आमची टाकळी चांगलीच लांब. परतीचा पाऊस नुकताच पडून गेलेला, काळ्या मातीत पाऊल टाकलं की चप्पल मागेच राहायची. दीक्षाने चपला केव्हाच हातात घेतल्या होत्या. दुसऱ्या हाताने खांद्यावरची पिशवी पोटाशी धरली होती. सकाळपासून ती पिशवी तिने एकदाही माझ्याकडे दिली नव्हती. बसमध्ये मला जागा मिळाली, ती उभी. मी म्हटलं, “दे इकडं, मांडीवर ठेवते.” तर म्हणाली, “राहू द्या काकू, हलकी हाय.” हलकी आहे तर द्यायला काय जातं? अमरावती सोडल्यापासून हेच माझ्या मनात घोळत होतं.

नाल्याला पोटरीभर पाणी होतं. पलीकडे चढल्यावर तिने विचारलं, “काकू, देवळात काय सांगसान?”

“पाह्यलं थे सांगीन.”

“काय पाह्यलं?”

“थोच इचार करून राहिली मी.”

ती हसली. मला हसू आलं नाही. मारुतीच्या देवळात माणसं माझी वाट पाहत बसणार होती. या मुलीचं घर बघून मी काय ते सांगायचं, आणि त्यावरून ठरायचं होतं, ही गावात राहणार की हिचं सामान फाट्यावर जाणार.

ती पोळ्यानंतर आमच्याकडे आली. आमच्या घरामागे कांदे ठेवायची खोली आहे, ती तिने राहायला मागितली. नाव दीक्षा तायडे, गाव चांदूर रेल्वे. अमरावतीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते आणि पुढच्या पदवीसाठी अभ्यास करते, म्हणाली. विषय मानवशास्त्र. मी बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले, पण हे शास्त्र काही ऐकलेलं नव्हतं.

“म्हणजे काय असते त्याच्यात?”

“माणसं कशी राह्यतात थे पाह्यचं. त्यायच्यात राहून पाह्यचं. पोळ्यापासून पुढच्या पोळ्यापर्यंत, एक पूर्ण चक्कर.”

“थे पाह्यले शिकावं लागते? आमी तं रोजच पाह्यतो.”

“तुमी दुसऱ्याच्या घरात पाह्यता काकू. आपल्या घरात पाह्यलं का कदी?”

मला हे बोलणं आगाऊ वाटलं. तरी खोली दिली. आमचं माळ्याचं घर, झेंडू, शेवंती, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो, दर्यापूरच्या बाजारात नेतो. दसरा-दिवाळी तोंडावर होती आणि फुलं तोडायला हात कमी पडत होते. ती म्हणाली मी तोडीन, आणि तोडायला लागलीही.

लोकांचा पहिला संशय तिच्या बोलण्यावर आला. शिकलेली मुलगी, कॉलेजात शिकवणारी, आणि बोलते आमच्यासारखीच, मले-तुले करून. माझे चुलत दीर पंजाबराव म्हणाले, “हे मुद्दाम आपल्यासारखी बोलून राहिली. पोटात शिरायचं असलं की माणूस असंच बोलते.” शुद्ध बोलली असती तर ‘शहाणी लागून गेली’ म्हणाले असते, ते वेगळं.

दुसरा संशय कागदाचा. तिच्याकडे फॉर्म नव्हता. सही नको, अंगठा नको, आधार कार्ड नको, फोटो नको. गावात सर्वे करायला आजवर जो आला तो काहीतरी भरूनच गेला. ही मात्र सांभाराच्या जुड्या बांधता बांधता विचारायची, “आखाजीच्या सणाले कोनाच्या घरचं कोनाच्या घरी जाते?” “नणंदेच्या नवऱ्याले नावानं हाक मारता का?” “पंगतीत पयले कोन बसते, अन् थे कोन ठरवते?” आणि लिहायची काहीच नाही. एक म्हातारे म्हणाले, काही मागायला आलेल्या माणसाचं भेव नाही, न मागणाऱ्याचं आहे. कोणी म्हणे सोलरवाल्या कंपनीची आहे, जमिनी हेरते. कोणी म्हणे नवीन मीटर बसवणाऱ्यांची. बाजारात एक बाई मला म्हणाली, “सत्यभामा, तुह्या खोलीत कांदे होते थेच बरे होते वं. कांदे काई इचारत तं नाई.”

तिसरा संशय आडनावाचा. आमच्या वऱ्हाडात तायडे सगळ्या समाजांत सापडतात. पंजाबरावांनी ओट्यावर बसून विचारलं, “तायडे म्हणजे कोणते?” ती वांग्याची देठं खुडत होती. मान वर न करता म्हणाली, “बौद्ध. माहे आजोबा छप्पनले नागपूरले गेले होते.” आणि पुढचं वांगं उचललं. त्या दिवसानंतर बायका दबक्या आवाजात म्हणायला लागल्या, ‘ही शेखरच्या सासरची तर नसंन?’

शेखर म्हणजे पंजाबरावांचा मोठा मुलगा. पंजाबरावांची बायको पार्बताबाई माझी जाऊ. शेखर अकोल्याला नोकरीला होता. तिथे त्याने दामिनी नावाच्या नर्सशी लग्न केलं. बौद्ध घरची मुलगी. पंजाबरावांनी ते कळल्यावर मिशा उतरवल्या, नदीवर जाऊन पिंड पाडले आणि जिवंत मुलाची तेरवी केली. गाव जेवलं. मी वाढायला होते. तेव्हापासून त्या घरात शेखरचं नाव घ्यायची सोय नाही, आणि पार्बताबाईसमोर तर कोणीच घेत नाही. तो अकोल्याहून कुठे गेला तेही आम्हाला कळलं नाही.

आता दीक्षा कशी होती ते सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी नुसता संशयच घेत बसले. पहाटे उठून अंगण झाडायची. आंघोळ झाली की खोलीत हात जोडून काहीतरी म्हणायची, पाली असावं; माझी पोथी आणि तिचं ते एकाच वेळी चालायचं, मध्ये भिंत. माझं देवघर मधल्या खोलीत. ती तिथवर कधी आली नाही, मीही ये म्हटलं नाही. गजरे करायला शिकली, पण गाठ कायम सैल. शेजारून आलेलं भांडं आपण रिकामं परत देत नाही, निदान चार शेंगदाणे घालतो, ते तिला चांदूरहून ठाऊकच होतं. तरी मला विचारायची, “काऊन?”

“रिकामं कसं द्यावं?”

“देल्लं तं काय होईन?”

“मले नाई माईत. आजवर कोनी देल्लं नाई.”

यावर ती इतकी खूश झाली की मी काही मोठं बोलले असं वाटावं. म्हणाली, “काकू, हेच तं पाह्यले आली मी. कोनी लिवून ठेवलं नाई, कोनी दंड नाई करत, तरी सारं गाव पाळते.” एकदा मी विचारलं, बाई, तुला हे खूळ लागलं कुठून? तर म्हणे, “लहानपणापासून जिथं गेली तिथं लोकायनं मलेच इचारलं. कोनाची तू, कोणत्या समाजाची तू, घरी काय रांधता तुमी. शाळेत, भाड्याची खोली पाह्यताना, बसमध्ये शेजारी बसणारी बाईसुद्धा. म्हटलं, आता मी इचारते.”

दिवाळी झाली आणि ते प्रकरण झालं. दीक्षा पार्बताबाईच्या ओट्यावर बसलेली, खडूने फरशीवर खुणा काढत होती. आमच्याकडेही काढायची ती. पुरुष म्हणजे त्रिकोण, बाई म्हणजे गोल, नवराबायकोमध्ये दोन रेघा, खाली लोंबती लेकरं. बायकांना मजा वाटायची. मेलेल्या माणसाच्या खुणेवर ती तिरपी रेघ मारायची. पार्बताबाईच्या घरातली माणसं काढताना तिने शेखरच्या त्रिकोणावर रेघ मारली. मिरच्या तोडताना बायांनी तिला सांगितलं होतं, त्याची तेरवी झाली. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

पार्बताबाईने विचारलं, “हे रेघ कायची?”

“गेलेल्या माणसाची खूण हाय, काकू.”

पार्बताबाई उठली, तळव्याने सगळं पुसलं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

समोरच्या घरातून हे पाहिलं गेलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं, की ती पोट्टी जमिनीवर माणसं काढते आणि कापते. करणी करते. मी घरी तिला सांगितलं, “अवं, थो जिता हाय! जितेपणी तेरवी केली त्याची बापानं.” तर ती भिंतीला पाठ लावून खालीच बसली.

“काकू, आमच्या इषयात पयल्या वर्षाले हेच शिकोतो आमी. मरण दोन असते, एक शरीराचं, एक समाजाचं. मी दरसाल फळ्यावर लिवते. अन् आज ओट्यावर मलेच नाई दिसलं.”

ती माफी मागायला गेली, तर दारात पंजाबराव. त्यांनी आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी देवळात माणसं बसवली. म्हणाले, “हे शेखरच्या सासरचीच हाय. वारस म्हणून त्याचं नाव हाय का गेलं, थेच काढाले धाडली. उद्या हिस्सा मांगाले कागद येतीन.”

मी म्हटलं, “भाऊजी, तिचं घर चांदूरले हाय. मी सोता जाऊन पाह्यते.”

“जाय. पाह्यून ये. घर खरं निघालं तं राहू दे तिले पोळ्यापर्यंत. पण शेखरच्या सासरचं एक जरी नातं निघालं, तं तिचं सामान मीच फाट्यावर नेऊन ठेवतो. अन् तुही खोली बी पाह्यतो मंग.”

दीक्षाला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, अर्ध्यात गाव सोडलं तर केलेलं सगळं वाया, दुसरं गाव शोधून पुन्हा पोळ्यापासून सुरुवात. आणि तासिकेवरच्या बाईला दुसरं वर्ष कोण देतो?

तर आम्ही चांदूरला गेलो. मी निघताना कनवटीला अंगाऱ्याची पुडी बांधली होती. कोणाच्या घरी जातोय, काय दिसेल, माहीत नव्हतं.

घर होतं. स्टेशनपासून जवळ, दोन खोल्या, पुढे कडुनिंब. वडील देवराव, रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये काम करून निवृत्त झालेले. आई जाईबाई. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब आणि रेल्वेने दिलेलं घड्याळ. चहा आला, मी घेतला. पण मी तिथे तपासायला गेले होते ना, तर माझे डोळे भिंतीवर लग्नाचे फोटो शोधत होते. दामिनीला मी एकदाच पाहिलं होतं, अकोल्याच्या बसस्टँडवर, शेखरसोबत. चेहरा ओळखीन असं वाटत होतं. शेवटी विचारलंच, “लग्नाबिग्नाचे फोटो नाईत का?”

जाईबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी बशीत पाहिलं. “फोटो काऊन पाह्यजे तुमाले?”

तेवढ्यात शेजारची बाई पदर खोचत आली. माझ्या साडीपासून चपलेपर्यंत नजर फिरवून म्हणाली, “पाव्हण्या पोरगी पाह्याले आल्या का? पोरगं काय करते तुमचं? कोणत्या समाजाचे तुमी?”

मी म्हटलं, मुलगा नाही, मला दोन मुलीच. तरी तिचा विश्वास बसला नाही. बाई उगीच इतक्या लांबून कशाला येईल? रात्री जेवताना तिने येऊन पुन्हा विचारलं, मी काय खाते, उपास कोणते धरते, आमच्याकडे हुंडा किती घेतात. दीक्षा भाकरी मोडत खाली मान घालून हसत होती. टाकळीत ती जे विचारायची तेच हे प्रश्न, पण मला बोचत होते. वाटलं, हिला काय करायचंय?

देवराव कमी बोलायचे. मला अंगणात खाट टाकून देताना म्हणाले, “बाई, एक इचारू? तिच्या खोलीले आतून कडी हाय का?”

“हाय.”

“कायची?”

“लोखंडी हाय, भाऊ.”

त्यांनी मान डोलावली आणि आत गेले.

सकाळी मी नळावर तोंड धुवत होते. जाईबाई भांडी घासत होती. अचानक तिने एक वाटी उजेडात धरली, उलटी करून वाचली आणि दीक्षाला हाक मारली. दोघी आत गेल्या. कुजबुज. मग जाईबाई फोनवर बोलायला लागली, आवाज दाबून. मला एकच शब्द ऐकू आला, ‘पातूर’. बाहेर आल्या तेव्हा जाईबाईचा चेहरा वेगळा होता. तिने पिशवीत काहीतरी बांधून दिलं. तेव्हापासून ती पिशवी दीक्षाच्या पोटाशी.

हे सगळं मनात घेऊन मी त्या चिखलातून चालत होते. नाला ओलांडला, तुरीचं शेत लागलं. पुढे आमच्या मळ्याचं निंबाचं झाड दिसायला लागलं, म्हणजे गाव आलंच. मी थांबले.

“दीक्षा, सरळ इचारते. पातूरले कोन हाय?”

ती थांबली. चपला खाली टाकल्या. “तुमी आयकलं?”

“कान हायत मले. कोन हाय?”

“दामिनी.”

म्हणजे भाऊजींचं खरं होतं. इतके दिवस माझ्या घरात राहून, माझ्या हातची भाकरी खाऊन या मुलीने मला बनवलं.

“कोन लागते तुही?”

“माह्या मावशीच्या जावेची भाची.”

“अन् आता सांगून राहिली?”

“मले आज सकाळीच समजलं, काकू. आईनं सांगितलं तवा.”

“वा वं बाई! गाव इतके दिवस म्हणून राहिलं, अन् तुले आज समजलं!”

“व्हय. गाव म्हणत होतं तवा थे खोटं होतं. आज सकाळी खरं झालं.” तिचा आवाजही चढला होता. “तुमी तुमच्या मावशीच्या जावेच्या भाचीले ओळखता का? सांगा नं. वऱ्हाडात कोनाचंही नातं खोदत जा, कुठं ना कुठं निघतेच. मी हेच शिकोते अन् मलेच...”

मला पटलं नाही. मी म्हटलं, “मंग आज सकाळीच काऊन खोदलं?”

तिने पिशवी उघडली आणि एक स्टीलची वाटी काढली. वर कापड बांधलेलं, आत जवसाची चटणी. वाटी उलटी धरून दाखवली. बुडाला अक्षरं झिजलेली होती, पण वाचता आली. ‘चि. शेखर यास जावळानिमित्त’. खाली आत्याचं नाव.

ही वाटी मी ओळखत होते. त्या जावळाला मी गेले होते. तेरवीनंतर शेखरच्या सगळ्या वस्तू भाऊजींनी बाहेर काढल्या, तेव्हा ही कशी राहिली? आणि या मुलीजवळ कशी? माझ्या मनात जे आलं ते तोंडातूनही आलं. “हे तू कुठून उचलली?”

तिने वाटी सरळ केली. मग म्हणाली, “पार्बताबाईनं धाडली होती. ठेचा देल्ला होता यिच्यात, थो वाटीसकट घरी नेला होता मी. मी नाव पाह्यलंच नाई. आई वाचल्याशिवाय भांडं घासत नाई, आमच्या विहारात जेवणं असली की सारी भांडी एक होतात. तिनं वाचलं, म्हणे हा शेखर कोन? मी टाकळीचं सांगितलं. तिले आठवलं, मावशीच्या जावेच्या भाचीनं टाकळीच्या शेखरशी लग्न केलं म्हणून. मावशीले फोन लावला. थो पातूरले हाय, काकू. दामिनी तिथल्या सरकारी दवाखान्यात हाय. खुशी नावाची पोरगी हाय त्यायले, बालवाडीत जाते.”

शेखरची मुलगी बालवाडीत जाते. मला एवढंसं बरं वाटलं, आणि लगेच दुसरी शंका आली.

“पार्बताबाई कदी कोनाले ठेचा नाई धाडत. तुलेच काऊन धाडला?”

“मले बी नवलच वाटलं होतं. अन् दुसऱ्या दिवशी त्यायनंच बलावलं ओट्यावर. घरात कोनी नसताना.”

“गावात तं म्हणतात तू आपल्या मनानं जाऊन बसली.”

“मी काऊन जाऊ? त्याच म्हणाल्या, ‘माह्या घरचे माणसं काढ. सारे काढ.’”

सारे काढ. मी तिथेच बांधावर बसले. पार्बताबाईला मी तिच्या लग्नापासून ओळखते. ती उगीच काही करत नाही. सगळं गाव म्हणत होतं, ही मुलगी शेखरच्या सासरची आहे. आम्ही भ्यालो. तिने त्याच अफवेवर भरवसा ठेवला. शेखरचं नाव असलेली वाटी तिने मुद्दाम त्याच्या माणसाकडे पाठवली. मग तिला बोलावलं आणि सारे काढ म्हणाली, तोंडाने विचारता येत नव्हतं म्हणून. आणि मुलीने शेखरच्या खुणेवर रेघ मारली.

मी म्हटलं, “दीक्षा, पार्बताबाईनं सोमवार सोडला.”

“म्हणजे?”

“शेखर लहान असताना तापात गेल्यासारखा झाला होता. तवापासून ती सोमवार धरते, त्याच्यासाठी. तेरवीनंतरही धरायची, गाव म्हणे नवऱ्यासाठी, मले ठाऊक होतं कोनासाठी. दर रविवारी पांढरी शेवंती न्यायले यायची माह्याकडं. त्या दिवसापासून आली नाई. मले वाटलं, तुले ठेवलं म्हणून माह्यावर रागावली. अन् मांगच्या सोमवारी तिले शेतात भाकर खाताना पाह्यलं. ज्याच्यासाठी उपास धरला थो गेला, तवाच बाई उपास सोडते.”

दीक्षा उभीच होती. हळूहळू तिच्या लक्षात येताना मी पाहिलं. वाटी तिने दोन्ही हातांत धरली.

“त्यायले वाटते, मी निरोप आणला,” ती म्हणाली. “थो खरंच मेल्याचा.”

“व्हय.”

“इतके दिवस थे बाई...”

“कोनाले सांगीन? रडायची बी सोय नाई. गावाच्या हिशेबात तं तो कवाचाच गेला.”

पाखरं निंबावर उतरायला लागली होती. देवळातला दिवा लागला असेल. मी विचार करत होते आणि दोन्हीकडून अडकत होते. पार्बताबाईला सांगायचं, पोरगा पातूरला आहे, तर ती विचारणार कोणी सांगितलं. घर भाऊजींचं, भिंतीला कान. एका क्षणात त्यांना कळणार, नातं निघालं. आणि मी देवळात गप्प राहिले, घर खरं आहे एवढंच सांगितलं, तर मुलगी पोळ्यापर्यंत राहील. पार्बताबाईला मग कधीतरी, हळूच सांगता येईल. मी ते बोलूनही दाखवलं.

“कवा?” दीक्षाने विचारलं.

“संक्रांतीच्या वाणाले जाईन तवा. भाऊजी नसतीन तवा.”

“तोवर त्या रोज जेवतीन तेरवीचं?”

खरं सांगायचं तर त्या घडीलाही माझा संशय पूर्ण गेला नव्हता. मनात एक कोपरा म्हणत होता, सत्यभामा, ही आधीपासूनच सगळं जाणून असली तर? पण जाणून असती, तर ती रेघ तिने मारली नसती. मी मनातल्या मनात माझ्या पोथीतल्या महाराजांचं नाव घेतलं आणि कनवटीची पुडी चाचपली.

“तुहं सामान फाट्यावर जाईन,” मी म्हटलं. “सारं वाया जाईन. समजते ना तुले?”

“समजते.”

“आणिक एक. जवस तुमच्या घरचा. त्या घरात खातीन का, मले सांगता येत नाई.”

“नाई खाल्लं तं नाई. पण वाटी रिकामी कशी देऊ?”

तिने कापडाची गाठ पुन्हा घट्ट केली. गजऱ्याची गाठ तिला कधी जमली नव्हती, ही जमली. मग वाटी माझ्या हातात दिली. सकाळपासून पहिल्यांदा तिने पिशवीतलं काही माझ्याकडे सोडलं होतं. खाली पडलेल्या चपला उचलल्या आणि मळ्याकडे जाणारी पायवाट दाखवली. ती वाट देवळाला वळसा घालून पार्बताबाईच्या मागच्या दाराशी निघते.

“काकू, देवळाकडून नका जाऊ. इकडून चला. पयले त्यायले सांगा, पोरगं जितं हाय, मी चुकली. कोनी सांगितलं इचारलं तं माहं नाव घ्या. मंग देवळात माह्याबद्दल जे सांगायचं थे सांगा.”